शेगडीची बटणं

साहेब,

शेगडीची दोन्ही बटणं काढून, खिशात घालून ऑफिसला गेलास, तरी काळा घेवडा शिजलाय. तुझ्या अवजारांच्या पेटीत पकड असते, हे तू विसरलास. आणि विसरभोळी म्हणे मी!

गेल्या महिन्यात पातेलं करपलं ते माझ्याच हातून. कबूल. पण तीस वर्षं कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांचं रांधलेल्या बाईसमोर थंड डबा ठेवून जायचं, हे मी चालवून घेणार नाही. आज शेगडीसमोर स्टूल टाकून दीड तास बसले, जागची हलले नाही. फोन वाजला, तुझाच होता, उचलला नाही. घेवडा बोटाने दाबला की लोण्यासारखा मोडतोय. वरून लसूण, जिरं आणि सुक्या मिरचीची फोडणी दिलीय. खाली लागलेला नाही. हवं तर डाव घालून तळ बघ.

गॅस सिलिंडरपासून बंद केलाय, तीनदा बघितलं. मी बागेत चक्कर मारायला गेलेय, एकटीच. सहापर्यंत येईन. आल्यावर बटणं जागेवर दिसली पाहिजेत.

मीठ घातलं की नाही, एवढं मात्र आठवत नाही. वाढण्याआधी चाखायची मला कधीच सवय नव्हती, तेव्हा तूच बघ. कमी असेल तर घाल. जास्त झालं असेल तर मुकाट्याने खा. तू केलेल्या पहिल्या चहात साखरेच्या जागी मीठ होतं, आणि मी कपाचा तळ दिसेपर्यंत प्यायले होते.

आई