तुळशीला मोजून पाणी

सोमवार, ४ मार्च. सकाळी साडेसहा.
आजपासून रोजनिशी. लेक म्हणाली होती, बाबा, कोणाशी बोलत नाही तर निदान लिहीत तरी जा. वाचणारे कोणी नाही, तेव्हा खरे तेच लिहायचे.
हिची तुळस ठीक आहे. थोडी पाने गळतात. ऋतू बदलतो आहे, चालायचेच.
ही गेल्यावर लेक काही दिवस राहिली. निघताना म्हणाली, आईची तुळस मी घेऊन जाते. मी नाही म्हणालो. सगळी नोकरी पाण्याच्या मीटरवर काढली, एका रोपाला पाणी घालता येणार नाही का, असे चढ्या आवाजात बोललो. एरवी मी चढ्या आवाजात बोलत नाही. तिने उचललेली कुंडी परत जागेवर ठेवली. हिचे जिवंत असे घरात आता तेवढेच आहे.
संकल्प : रोज मोजून पाणी. शिवाय चहातल्या साखरेवर तुळशीपत्र ठेवले. (खरे पान नाही, म्हणायची पद्धत. पाने आधीच कमी आहेत.)

बुधवार, ६ मार्च.
ऑफिसातून मापाचा काचेचा पेला आणला. मीटर तपासायच्या टेबलावर असे तीन आहेत, वापर एकाचाच होतो. शनिवारी परत नेईन.
सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी अर्धा. खालची ताटली भरून वाहते, म्हणजे पाणी मुळापर्यंत पोचते आहे. तरी पाने पिवळी. कमी पडत असावे. उद्यापासून पाऊण-पाऊण.
चहात साखर घेतली. दूध फिके होते.

रविवार, १० मार्च.
लेकीचा व्हिडिओ कॉल. तुळस कशी आहे म्हणाली. एकदम छान, म्हणालो. दाखवा म्हणाली नाही. आजवर एकदाही म्हणाली नाही. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, त्याचेच वाईट वाटते. २३ तारखेला येणार, दोन दिवस राहणार.
फोन ठेवून गॅलरीत गेलो. सगळी पाने मिळून एका मुठीत मावतील. पाणी घातले. घालताना बरे वाटते, एवढे खरे.
दवाखान्यात हिला दिवसाला एक लिटरच द्यायचे होते, औषधाबरोबरचे धरून. शेवटी शेवटी अजून एक घोट मागायची. मी पेला उजेडात धरून रेघ बघायचो आणि नाही म्हणायचो. एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखे काटेकोर नातेवाईक बघायला मिळत नाहीत.
विषय तो नाही. विषय तुळस.

मंगळवार, १२ मार्च.
ऑफिसात शेजारच्या टेबलावर ‘गळती’ बसतो. त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून हे नाव. आज म्हणाला, वहिनींची तुळस आहे ना, मूठभर पाने आणा की, वडिलांना खोकला आहे, काढा करतो. मी हो म्हणालो. तुळस आजारी आहे म्हणालो असतो, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वरच्या मजल्यावरून लोक सांत्वनाला आले असते. साहेबांसकट.
खोटे बोलण्यावर आजपासून तुळशीपत्र.

शुक्रवार, १५ मार्च.
तुळस गेली.
खोड चिमटीत धरून जरा हलवले, तर सगळे हातात आले. मुळे काळी, कुजका वास. शांतपणे विचार केला. दोष मातीचा आहे. माती पाणी धरून ठेवते, त्याला मी काय करणार?
ऑफिसला उशिरा गेलो. दिवसभर तीनच मीटर तपासले, त्यातल्या एकाला सील लावायचे राहिले. पहिल्यांदाच असे झाले.
काडी परत कुंडीत खोचून ठेवली आहे. टाकवत नाही.

शनिवार, १६ मार्च.
उपाय सापडला. लेकीला त्रास नको, म्हणून तशीच दुसरी आणून लावायची. हे खोटे बोलणे नव्हे, कारण यात बोलायचे काही नाही.
रोपांचे दुकान बंद. भाजी बाजारात एका बाईंकडे मिळाली. जांभळे खोड, हिरवीगार पाने, तजेलदार. तुळसच ना, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, तुळसच की काका, पूर्वेकडची. रोज इतके लोक नेतात, दुपारपर्यंत उरत नाही. आपल्या भागात एवढे भाविक लोक आहेत, हे माहीत नव्हते. बाई म्हणाल्या, सूपमध्ये घालणार का नूडल्समध्ये? मी म्हणालो, गॅलरीत. त्या बराच वेळ हसत होत्या. स्वभावाने आनंदी असाव्यात.
हिच्या कुंडीत लावली. जुनी काडी कपाटावर ठेवली आहे. पाऊण लिटर घातले.

सोमवार, १८ मार्च.
गळतीला मूठभर पाने दिली. वहिनींच्या हातची आहे, गुण येणारच, म्हणाला आणि डोळे पुसले. मी मीटरची काच पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

बुधवार, २० मार्च.
गळती म्हणाला, काढ्याला बडीशेपेचा वास येत होता हो. वडील विचारत होते, हे औषध आहे का जेवण झाल्यावर चघळायचे? दोन कप प्यायले मात्र. खोकला आहे तसाच.
वयोमानाने जीभ जाते. घरी येऊन वास घेतला. बडीशेप. बाजारात शेजारी पोते असणार. वरून पाणी घातले की वास जाईल. एक लिटर घातले.

शनिवार, २३ मार्च. दुपार.
लेक आली. बॅग दारातच ठेवून सरळ गॅलरीत. मी मागे पेला घेऊन उभा. म्हणालो, वाढली आहे ना? ती म्हणाली, हो बाबा, खूपच. मग एक पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, बाबा, ही तुळस नाही, नूडल्समध्ये घालतात ती थाई बेसिल आहे. मी म्हणालो, पूर्वेकडची आहे. ती हसायला लागली, ती थांबेचना, आणि मग रडायला लागली. मला दोन्ही वेळा काय करावे सुचले नाही.
शेवटी सांगून टाकले, आईची तुळस माझ्या हातून गेली. कपाटावरची काडी काढून दाखवली.
तर ती म्हणाली, बाबा, ही पण आईची नव्हे.
ही पहिल्यांदा दवाखान्यात होती, तेव्हाच मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालून हिची तुळस घालवली होती म्हणे. ही घरी यायच्या आदल्या दिवशी लेकीने गुपचूप नवी आणून लावली. मला लागेल म्हणून बोलली नाही. कुंडी बरोबर न्यायची होती तीही त्यासाठीच. आणि कॉलवर दाखवा म्हणत नव्हती, कारण मी काय दाखवेन, याची तिला धास्ती होती.
म्हणजे दोन झाल्या.
विचारले, हिला कळले होते का? लेक म्हणाली, न कळायला काय झालं? पहिल्याच मिनिटाला कळलं. आई म्हणाली, बाबांना काही सांगू नकोस. घालू दे पाणी, तेवढाच त्यांना धीर.

रविवार, २४ मार्च.
लेकीने नूडल्स केले, वरून कुंडीतली पाने तोडून घातली. मला घास उतरेना. चव मात्र चांगली होती. दुसऱ्यांदा वाढून घेतले. खरे तेच लिहायचे म्हणून लिहिले.
रोप राहू द्या म्हणाली, त्या बिचाऱ्याचा काय दोष? मातीत बोट घालून बघायचे. ओली असेल तर पाणी नाही. मी म्हणालो, मग काय करायचे? ती म्हणाली, काही नाही, नुसतं उभं राहायचं.
निघताना चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि बाबा, आईचं पाणी डॉक्टरांनी कमी केलं होतं, तुम्ही नाही. मी तिच्याकडे तो विषय कधीच काढला नव्हता.
संध्याकाळी ठरवले. पाणी घालण्यावर तुळशीपत्र. या वेळी नुसते म्हणायचे नाही. कुंडीतले पान तोडले, पेल्यावर ठेवले, हात जोडले. उद्या पेला ऑफिसात परत.

मंगळवार, २६ मार्च. सकाळी साडेसहा.
काल पेला न्यायचा राहिला.
बोट घातले. माती ओली. नुसता उभा राहिलो. किती वेळ उभे राहायचे, ते लेकीने सांगितले नव्हते.
एक घोटभर घातले. रविवारी ठेवलेले पान तुळशीचे नव्हतेच.