दहा दिवसांत वाढणारी खुरं

४ मार्च

पडले. लिदीत. आणि नुसती पडले असते तर बरं — भरलेली पाटी घेऊन पडले! वय वर्षं सहासष्ट. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांना ‘पुढच्या खिडकीत जा’ म्हणून सांगितलं, आणि आता तबेल्यात लिदीवर बसकण मारून बसलेय. आमचा काळा घोडा वरून बघत होता. खाणं पाच मिनिटं उशिरा आलं की लाथेनं दार वाजवतो, म्हणून त्याचं नाव साहेब. पेन्शनच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघायची, अगदी तीच नजर.

सूनबाई धावत आली. आधी ‘लागलं का’ विचारलं, मग हसली. क्रम बरोबर होता, म्हणून माफ केलं.

५ मार्च

बसता येत नाही. उभ्यानं लिहितेय. अक्षर धाकट्या जावेसारखं आलंय. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

९ मार्च

आज उलट्या बादलीवर बसून चहा प्यायले. (बसता येतं!) तिन्ही जनावरं खात होती. तो आवाज मला फार आवडतो — कुणीतरी ओल्या वाळूतून सावकाश चालत असावं तसा. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आल्या होत्या, त्यात गवताची धूळ तरंगत होती. म्हातारीनं, म्हणजे आमच्या सत्तावीस वर्षांच्या घोडीनं, माझ्या मानेत नाक खुपसलं आणि गरम श्वास सोडला. इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं म्हणाले, ‘थँक्यू.’ घोडीला. इंग्रजीत. ती बिचारी मराठीतच वाढलेली.

खरं तर मी इथं दोन आठवड्यांसाठी आहे. त्याला तीन वर्षं झाली. ही जमीन सूनबाईच्या वडिलांची, घोडेही त्यांचेच. ते गेले, पाठोपाठ आमच्याकडचे हेही गेले. मुलगा इथं राहतच होता, मी त्याच्यामागे आले. मग एक दिवस तो म्हणाला, ‘मला इथं श्वास घेता येत नाही.’ आठ एकर मोकळं रान! आता शहरात नवव्या मजल्यावर दोन खोल्यांत घेतो म्हणे. रीतसर घटस्फोट झाला. तो गाडी घेऊन गेला आणि आईला विसरला. ‘खोली मिळेपर्यंत राहते गं,’ मी तिला म्हणाले होते. खोली शोधायची राहूनच गेली. तिनंही कधी विचारलं नाही.

१२ मार्च

नालबंद आला होता. परत!

घोड्यांची खुरं तासून नाल ठोकायचे, तर सहा-सात आठवड्यांनी यायचं असतं. एवढं आता मलाही कळतं. याला मात्र ती दर दहा दिवसांनी वाढलेली दिसतात. साहेबाचा पाय मांडीवर घेतो, ‘हं’ म्हणतो, खाली ठेवतो. मग सूनबाई चहा आणते. चहा प्यायला मात्र याला खुरं तासण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माणूस पंचेचाळिशीचा, लग्न राहिलेलं, पाठीत किंचित वाकलेला. कामात असला की तोंडात खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं मोजकं. मला ‘काकू’ म्हणतो. आज सूनबाईनं केस धुतले होते. बुधवारी! ती रविवारी धुते.

मी फक्त दोघांच्या मध्ये बादली ठेवून बसले.

१३ मार्च

रात्री डोक्यात हिशेब सुरू. ती लग्न करून गेली तर मी कुठं? आणि तो इथं राहायला आला तर मी कोण? नवऱ्याच्या घरी बायकोच्या आधीच्या नवऱ्याची आई! असलं नातं सांगायला शब्दसुद्धा नाही. मी तो झोपेत शोधत होते.

१६ मार्च

मुलाचा फोन. इकडचं तिकडचं बोलला, खोकला, पुन्हा इकडचं. मग म्हणाला, ‘आई, मी परत आलो तर? म्हणजे... तू जरा तिच्या कानावर घालून बघशील?’

मी फोन ठेवून साखरेच्या डब्यात मीठ ओतलं.

सांगायला नको, पण आनंद झाला. माझा मुलगा! तो तिला टाकून गेला तेव्हा मी त्याला काय काय बोलले होते, ते सगळं विरघळून गेलं. आपला तो बाब्या. तीन वर्षं मी स्वतःला फार न्यायी समजत होते.

१७ मार्च

तिच्या कानावर घातलं नाही.

१८ मार्च

आजही नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा जांभई दिली, एकदा खरारा मागितला. घोड्याला घासायचा तो ब्रश तेव्हा माझ्याच हातात होता.

२१ मार्च

आजचं लिहिलं पाहिजे.

सूनबाई सकाळीच गवत ठरवायला बाहेरगावी गेली. अकराला म्हातारी पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची, खाली बसायला जायची. पोटदुखी! घोडा यात लोळला तर आतडं पिळवटतं, जीव जातो, हे सूनबाईनं शंभरदा सांगितलंय. तिचा फोन लागेना. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तासाभरात येतो, तोवर चालती ठेवा. मी दावं धरलं आणि ओढलं. घोडी साडेचारशे किलोची, मी बावन्न. मग नालबंदाला फोन केला. दुसरं कोण आठवणार?

वीस मिनिटांत आला. माझ्या हातातून दावं घेतलं, दुसरा हात म्हातारीच्या मानेवर ठेवला, आणि ती चालायला लागली. डॉक्टर आले, इंजेक्शन देऊन गेले. आम्ही चालतोच आहोत. कुंपणापासून कुंपणापर्यंत, तो एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये घोडी.

त्याचं बघून मला भीती वाटली. किती चांगला आहे हा! सूनबाईनं असं चालताना याला एकदा पाहिलं, की माझ्या मुलाचं संपलं.

आणि मी म्हणाले, ‘माझा मुलगा परत येतोय. ठरलंय त्या दोघांचं.’

ठरलंय! कुणाचं ठरलंय? तिला पत्ताही नाही!

तो म्हणाला, ‘बरं झालं काकू.’ आणि घोडीला घेऊन वळला. त्यानंतर दीड तास चाललो, तो घोडीशीच बोलला.

तीनच्या सुमाराला म्हातारी थांबली, शेपटी उचलली, आणि लीद टाकली. भरपूर. म्हणजे वाचली! मी लहान मुलीसारखी रडले. उभ्या आयुष्यात लिदीकडे बघून इतकी कृतज्ञता मला कधी वाटली नव्हती. नालबंद हसला, दावं माझ्या हातात दिलं आणि चहा न घेता गेला.

२२ मार्च

म्हातारी ठणठणीत. सूनबाईनं मला मिठी मारली. ‘आई, तुम्ही नसता तर!’ म्हणाली.

मी नसते तर बरंच झालं असतं.

७ एप्रिल

सतरा दिवस. नालबंद नाही. साहेबाचा उजवा नाल खडखडतोय. सूनबाईनं फोन केला तर म्हणाला, कामं फार आहेत, दुसऱ्या कारागिराला पाठवतो. तिनं फोन खाली ठेवला आणि धुतलेल्या बादल्या पुन्हा धुतल्या.

केस मात्र धुवायचे राहिलेत. या रविवारीसुद्धा.

घोडचूक या शब्दाचा अर्थ मला आज नीट कळला. तबेल्यात राहूनच कळायचा होता.

९ एप्रिल

सांगितलं. खोगिराला तेल लावता लावता, मान वर न करता, सगळं. मुलाचा फोन, माझी लपवाछपवी, कुंपणाजवळचं खोटं.

ती चिंधी खाली ठेवून उठली. दारापर्यंत गेली, परत आली. ‘आई, तुम्ही माझं लग्न एकदा ठरवलंत,’ ती म्हणाली. ‘तेव्हा मला विचारलं होतंत तरी.’

बस्स, एवढंच. ओरडली असती तर मला झोप लागली असती.

१० एप्रिल

अबोला. पण माझ्या चहात आलं आहे. रागावली की ती आलं जास्तच घालते. ठसका लागला. बरंच वाटलं.

११ एप्रिल

सकाळी म्हणाली, ‘त्याला रविवारी बोलवा. जे काय आहे ते मला त्याच्या तोंडून ऐकू दे.’

१३ एप्रिल

आला. वाळलाय. पांढरे बूट घालून आला, तबेल्यात! मला आधी पोटाशी धरलं. मग दोघं कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदूळ निवडत. तांदूळ कालच निवडून झाले होते. मुद्दाम दोन खडे टाकले.

ऐकू काहीच आलं नाही. फक्त दिसलं — तो बरंच बोलला, हात हलवून. ती एकदाच बोलली. मग त्यानं चेहरा पुसला, आणि तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. साहेबाला थोपटते तसं. तेव्हाच मला कळलं.

गाडीत बसताना माझ्याकडे आला. ‘आई, चल माझ्याकडे. तुला वेगळी खोली दिलीय. तू आता इथं कशी राहणार?’

तीन वर्षं या वाक्याची वाट बघितली होती मी! जीभ उचललीसुद्धा. पण पाठीमागे चारचे ठोके पडत होते, साहेबाच्या लाथेचे. दाराला. त्याच्या दाण्याची, चंदीची वेळ झाली होती.

‘येईन रे, चार दिवस राहायला येईन,’ मी म्हणाले.

त्याला कळलं. मुलगाच आहे माझा, कळणारच. मान खाली घालून म्हणाला, ‘खाण्यापिण्याची काळजी घे.’ मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला आणि मग बराच वेळ तसाच वर ठेवला. खाली घेतला की रडायला येईल असं वाटत होतं. घेतला. आलं.

संध्याकाळी सूनबाईला विचारलं, ‘काय म्हणाला?’

‘चुकलो म्हणाला.’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘हो म्हणाले.’

१४ एप्रिल

सूनबाईनं नालबंदाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. ‘बिघडवलंत तुम्ही, सांगा तुम्हीच,’ म्हणाली आणि निघून गेली. (दाराआड थांबली. सावली दिसत होती. चोरून ऐकण्यात ती माझ्याहून कच्ची.)

‘काकू, म्हातारीचं पोट कसं आहे?’ त्याचा पहिला प्रश्न.

‘तिचं बरं आहे. माझंच दुखतंय. मी खोटं बोलले तुझ्याशी. काही ठरलेलं नव्हतं.’

‘माहीत होतं.’

‘माहीत होतं? मग यायचा का थांबलास?’

पलीकडून नुसतं ‘हं’. तोंडात खिळे असावेत. मग म्हणाला, ‘खोटं आहे हे कळलं होतं. पण ते खरं व्हावं असं तुमच्या मनात आहे, हेही कळलं. घरातल्या मोठ्या माणसाच्या मनाविरुद्ध उंबरा ओलांडायचा, तर मला नाही जमत ते.’

घरातलं मोठं माणूस! कोण, तर मी! उशाशी अजून अर्धी भरलेली बॅग ठेवून झोपणारी!

‘साहेबाचा नाल खडखडतोय,’ मी म्हणाले. ‘आणि बाकीच्यांची खुरंही मला वाढल्यासारखी वाटतात.’

‘तुम्हाला काकू खुरांमधलं काय कळतं?’

‘काही नाही. तूच येऊन बघ.’

दाराआडची सावली तोंड दाबून हसत होती.

१६ एप्रिल

आला. चहाला चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि लीद काढायला गेले. ऊन कोवळं होतं, लीद ताजी होती, पाटी हलकी वाटली. पडले नाही. याहून जास्त काय मागायचं असतं, मला माहीत नाही.

२ मे

बॅग रिकामी केली. आत दोन साड्या, एक टॉर्च आणि तीन वर्षांपूर्वीची बिस्किटं निघाली. बिस्किटं साहेबाला दिली. त्यानं थुंकली.

११ मे

नालबंदाची आई आणि मोठी बहीण बोलणी करायला आल्या. अंगणात समोरासमोर खुर्च्या मांडल्या. आमच्या बाजूच्या सगळ्या रिकाम्या. त्याच्या आईनं चष्मा सारखा केला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, ‘मुलीकडचं कोण आहे?’

मी हात वर केला. शाळेत उत्तर येत असल्यासारखा.