वांग्याची मुळी

राहुरी

प्रिय पप्पा,

सप्रेम जय भीम.

आज सकाळी मी ती नोंद दुरुस्त केली. ‘डाळिंब’ काढून ‘वांगं’ लिहिलं. वांग्याला डाळिंब म्हणून जगभर मिरवणारी तुमची लेक पहिलीच असेल! सर रागावले, पण थोडेच. प्रबंध मात्र सहा महिने लांबला. तुमच्या डाळिंबबागेच्या मालकांना, आप्पासाहेबांना, मी स्वतः फोन केला. फळं उतरली की डाळिंबाची मुळी देतो म्हणाले.

आईला नीट समजावून सांगा, नाहीतर तिला वाटेल पोरगी नापास झाली. मुळांना गाठी आणणारे ते बारीक कृमी, तुम्ही ज्यांना निमॅटोड म्हणता, त्यांच्या जनुकांचा सगळा नकाशा आम्ही इंटरनेटवरच्या एका मोठ्या संग्रहात ठेवतो. तो सगळ्यांना फुकट बघता येतो. कुठल्याही देशातला माणूस त्याच्याकडचा कृमी आपल्या कृमीशी ताडून बघतो आणि कोणत्या पिकाला कोणता लागतो ते ठरवतो. त्यामुळे आपण पीक चुकीचं लिहिलं की त्याचंही काम चुकतं.

गेल्या महिन्यात कोल्हारला घरी आले तेव्हा तुम्ही दिलेल्या मुळीतल्या कृमीची त्यातली नोंद मी तुम्हाला संध्याकाळी मोबाईलवर कौतुकानं दाखवली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणालात, “पोरी, ती मुळी डाळिंबाची न्हाई. बागेचा बहार धरलेला, मालकानं मुळाशी उकरू दिलं न्हाई. तुझं काम अडंल म्हनून परसातल्या वांग्याची दिली. पर लोकं त्याच्यावर भरवसा ठेवनार, तर सांगायलाच पायजे.” माझं डोकंच फिरलं. तुम्हाला यातलं काय कळतं, असं बोलून, चहा तसाच ठेवून मी एसटी धरली.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुम्ही लगेच ‘असू दे’ म्हणाला असता आणि मला सगळं सांगायचं आहे. एसटीत बसल्या बसल्याच मी ठरवलं होतं, नोंद तशीच राहू द्यायची. कोण येतंय बघायला? आणि पंधरा दिवस राहूही दिली. सरांना बोलले नाही. रोज संगणक उघडला की तुम्ही दिसायचात, कपबशी हातात धरून, मान खाली घालून खरं सांगणारे. तुमचे फार उपकार आहेत, पप्पा. त्या सकाळी तुम्ही बोलला नसता तर मी त्या खोट्यावर डॉक्टर झाले असते. खरं सांगायला तुम्हाला एक दिवसही लागला नाही. एवढं शिकलेल्या मला पंधरा लागले. माफ करा.

तुमचीच,
प्रज्ञा