नऊ घरांची खूण

अप्पा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुमच्याशी एकदा भांडायचं होतं, ते राहून गेलं. तुमच्यासमोर हिंमत झाली नाही, म्हणून आता कागदावर भांडते आहे.

भांडुपच्या आपल्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. आई बाहेर निघाली की आपली किल्ली गॅलरीच्या टोकाच्या काकूंकडे, त्यांच्या दारामागच्या खिळ्याला. मग तळमजल्यावर भरदिवसा चोरी झाली. गॅसचं सिलिंडर, मिक्सर आणि एका मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या गेल्या. तुम्ही चाळ कमिटीचे सेक्रेटरी. आठ दिवसांत तुम्ही दाराला दुसरी कडी बसवलीत, खिडकीला फळ्या ठोकल्यात, कोपऱ्यात काठी आणि फडताळात तिखटाची पूड ठेवलीत. पूड नेमकी डोळ्यांवर कशी फेकायची तेही मला शिकवलंत. आणि मजल्यासाठी एक खूण ठरवलीत. दोनदा टकटक, जरा थांबून एकदा. त्याशिवाय घरात एकट्या असलेल्या बाईने दार उघडायचं नाही. मजल्यावर खोल्या दहा होत्या. खूण तुम्ही नऊ घरांना सांगितलीत.

"काकूंना का नाही सांगितली?" आईने विचारलं.

"त्यांच्याकडे गावची माणसं येऊन-जाऊन असतात. कोण कुठला, काय माहीत?"

"आणि आपले गाववाले पथारी टाकून असतात, ते?"

"तुला त्यातलं कळत नाही."

आईला चांगलं कळत होतं. काकूंच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तुम्हाला संशयाला तेवढं पुरे होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही किल्ली परत आणलीत. काकूंनी ती खिळ्यावरून काढून दिली. चोर काही सापडला नाही, आपला शेजार मात्र गेला. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

मी आठवीत होते. सकाळची शाळा आटोपून घरी आले होते, आई रेशनच्या रांगेत. दार धडाधडा वाजतं. खूण नाही, नुसते दोन्ही हात. "पोरी, दार उघड गं! तुझी आई रांगेत पडली, तोंड वाकडं झालंय तिचं. तुलाच बोलावतेय. रिक्षा थांबवलीय, चल लवकर." मी काठी घेऊन कडीपाशी उभी आहे. मजल्यावरची बाकीची आठ दारंही बंदच. तुमचा नियम सगळ्यांनी चोख पाळला, अप्पा. काकू बराच वेळ दार बडवत राहिल्या, मग रडत जिना उतरल्या. आईला हॉस्पिटलात त्यांनी एकटीने नेलं. तुम्ही कंपनीतून पोचायच्या आत ती गेली. शेवटी तिचा हात काकूंच्या हातात होता. माझा असायला हवा होता.

तेराव्याला तुम्ही नातेवाइकांना म्हणालात, "पोरीचा काय दोष? त्या बाईला खूणच ठाऊक नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. का ठाऊक नव्हती, हे एकानेही विचारलं नाही. काकू दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना आत या असं कोणी म्हणालं नाही, मीही नाही. वर्षभरात काकू खोली विकून गेल्या.

आता मी बोरिवलीत राहते. खाली वॉचमन, जिन्यात कॅमेरे, समोरच्या दारावरचं आडनावसुद्धा मी नीट वाचलेलं नाही. तुम्हाला इथे अगदी करमलं असतं.

तुमच्यावर राग काढणं सोपं आहे, म्हणून इतकी वर्षं तेच केलं. पण मामाला, तुम्हाला, सगळ्यांना मी सांगितलं होतं की बाहेर कोण आहे ते कळलंच नाही. ते खोटं होतं. काकूंचा आवाज मी पहिल्या हाकेलाच ओळखला होता. त्यांचा होता, म्हणूनच कडी काढली नाही.