खंडेनवमीला आलेली जर्मनीची बाई

तीर्थरूप प्रेमानंदमामा यांस,

वृषालीचा सविनय जय भीम. मामींनाही माझा जय भीम सांगा.

इकडं आईचा खोकला, आमची शेळी आणि माझी नोकरी ही तिन्ही जागच्या जागी आहेत, तेव्हा आमची काळजी नको. काळजी आम्हाला तुमच्या गुडघ्याची आहे. डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला न बांधता गॅलरीतल्या नळाला बांधलात, असं मामी फोनवर म्हणत होत्या. (नळ गळायचा थांबला असेल तर तेवढं आईला कळवू नका. तिनं तुमच्यासाठी निरगुडीचा पाला वाळत घातलाय.)

मी ‘आंतरराष्ट्रीय’ झाले हे तुम्हाला कळलं असेलच. आईनं ते गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत आणि परंड्याच्या एसटीत सांगून झालंय. खरी हकिगत अशी की उन्हाळा संपता संपता वरून आमच्या सरकारी आयटीआयला पत्र आलं. प्रत्येक संस्थेनं आपापलं आंतरराष्ट्रीय शिक्षण धोरण तयार करून पाठवावं. प्राचार्य आबाराव सरांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला बोलावणं पाठवलं. (मी तिथं तासिका तत्त्वावर रोजगार कौशल्यं शिकवते, म्हणजे अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीला नखं कापून कसं जावं. पण इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सगळ्या संस्थेत मी एकटीच.) वेल्डिंगच्या शेडला लागून असलेली अडगळीची खोली मला मिळाली. दारावर ‘आंतरराष्ट्रीय कक्ष’ अशी पाटी लागली. आत एक टेबल, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मागून आणलेला, आफ्रिकेला पोचा पडलेला पृथ्वीचा गोल, आणि शेतकऱ्यांनी वाइंडिंग भरून घ्यायला टाकलेल्या पाण्याच्या जळक्या मोटारी. मोटारी हलवायला जागा नव्हती, म्हणून त्याही आंतरराष्ट्रीय झाल्या.

धोरणात एक रकाना होता, संस्थेत परदेशी विद्यार्थी किती. मी शून्य लिहिलं. आबाराव सरांना शून्य आवडत नाही. त्यांचं म्हणणं, इलेक्ट्रिशियनला आपला शरणबसप्पा आहे, तो आळंदहून येतो, आळंद कर्नाटकात आहे, तो रागावला की काय बोलतो ते कुणाला कळत नाही, मग परदेशी म्हणजे आणखी निराळं काय असतं. मी पुष्कळ समजावलं. शेवटी सरांनी शून्यापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘प्रस्तावित एक’.

मामा, हसा, पण ते धोरण मी मनापासून लिहिलं होतं. घरात पहिली पदवी माझी, त्यामुळं मला अजून वाटतं की कागदावर एखादी गोष्ट नीट मांडली की ती होते. आणि मला ती व्हायला हवी होती राजेश्वरीसाठी.

राजेश्वरी ही वेल्डिंगला असलेली एकुलती एक मुलगी. सोनारीच्या अलीकडच्या वस्तीवरून येते. वडील लिंबाजीकाका, थोडी कोरडवाहू जमीन, माणूस साधा. पोरीला शिवणकामाला घालायचं म्हणून ते आले होते, पण त्या वर्षी शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या आणि वेल्डिंगची एक मोकळी होती. (आमच्याकडं बहुतेकांचं आयुष्य असंच ठरतं.) पहिल्या महिन्यात पोरांनी तिला ‘लोहारीणबाई’ म्हणून चिडवलं. तिनं त्यांना सांगितलं, ‘लोहारीण तर लोहारीण. तुझं फाटकाचं बिजागर तुटलं की माझ्याचकडं आणशील.’ दिवाळीपर्यंत त्यांनी खरंच आणलं. तिचे शिक्षक बिराप्पा सर फार बोलणारे नाहीत. तिचं काम बघून ते नुसतं ‘हं’ म्हणतात, आणि बाकीच्या पोरांना तेवढंही मिळत नाही.

वर्षाचा कोर्स संपला तरी ती सरावाला येत राहिली, तेव्हा तिला स्थळ सांगून आलं, बार्शीकडचं. मी वस्तीवर जाऊन लिंबाजीकाकांशी बोलले. आवाज चढवायची माझी तयारी होती, पण त्यांनी संधीच दिली नाही. म्हणाले, ‘मॅडम, माझं काय म्हणणं न्हाय. पोरगी हुशार हाय, मलाबी दिसतंय. पण थांबायचं तर लोकांला दाखवायला कायतरी कारण द्या की.’ मी कारण दिलं जर्मनी. तिकडची एक कंपनी आपल्याकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आयटीआयमधून वेल्डर निवडणार होती. निवड झाली तर लग्न दोन वर्षं पुढं, नाही झाली तर दिवाळीनंतर. आमचं तोंडी ठरलं आणि काकूंनी वर चहा दिला.

मग मी मोबाइलवरून जर्मन शिकू लागले आणि तिला शिकवू लागले. (शरणबसप्पाही बसायचा. त्याचे उच्चार आमच्यात सगळ्यांत चांगले निघाले, त्यामुळं आबाराव सरांना आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखं वाटलं.) ‘इश बिन श्वाइसरिन’, म्हणजे मी वेल्डर आहे, हे वाक्य तिनं एसटीत, रानात, म्हशीपुढं म्हणून म्हणून इतकं घोटलं की तिची आजी तेच आता भूपाळीसारखं गुणगुणते.

कंपनीच्या बाईंचं पत्र आलं की भेटीची तारीख तुम्ही सुचवा. इथून पुढं मामा, थोडा दोष तुमचाही आहे. मला हवा होता असा दिवस की आमचं वर्कशॉप स्वच्छ असेल. असा दिवस वर्षातून एकच, खंडेनवमी. मशिनी धुतलेल्या, फरशी पुसलेली, झेंडूच्या माळा. तुमच्या कंपनीत त्या दिवशी सकाळी मशिनला हार घालतात आणि दुपारच्या पाळीला तीच मशीन हारासकट चालते, हे तुम्हीच मागं सांगितलं होतं. आपल्या घरी खंडेनवमी नसते, आपला दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणून मी तुमच्या कंपनीला प्रमाण मानलं. मीटिंगमध्ये तारीख सांगितली तेव्हा सगळे म्हणाले, लई चांगला दिवस. आमच्याकडं त्या दिवशी पूजा झाली की दसरा होईपर्यंत मशिनला हात लावत नाहीत, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांनाच ठाऊक असलेलं कोण कुणाला सांगतं? शिवाय वरून आलेल्या पाहुण्यानं आजवर कधी काम करून दाखवा म्हटलं नव्हतं. पाहुणा म्हणजे हार, नारळ, भाषण, चहा, फोटो. त्याला मशीन चालू कशाला लागते?

बाईंचं नाव मार्टिना. सोबत पुण्याचा एक दुभाषा मुलगा. फेटा बांधून होईपर्यंत आबाराव सरांच्या भाषणात त्या मार्टिनाताई झाल्या होत्या. त्यांच्या हस्ते नारळ फोडला, लेथला हळदकुंकू लावलं, पालकांतर्फे लिंबाजीकाकांनी शाल दिली. ताई सगळं हसून करत होत्या आणि मधूनमधून घड्याळ बघत होत्या, कारण संध्याकाळी त्यांना सोलापूर गाठायचं होतं. शेवटी त्यांनी दुभाष्याकरवी सांगितलं की मी कागद बघायला आलेले नाही, हात बघायला आले आहे. राजेश्वरी पुढं झाली. नमस्कार केला आणि खणखणीत म्हणाली, ‘इश बिन श्वाइसरिन.’ ताईंचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, मग दाखव.

 बिराप्पा सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाला म्हाईत न्हवतं?’ टोमणा नव्हता हो, खरंच विचारत होते. आबाराव सर घाम पुसत म्हणाले, करा चालू, देव समजून घेईल. राजेश्वरी मशिनपाशी गेली. सकाळी तिनंच धुतलेली, तिनंच माळ घातलेली. स्विचपर्यंत हात नेला आणि मागं घेतला.

‘मॅडम, आज न्हाय,’ ती म्हणाली. ‘वरीसभर ही माझ्यासाठी जळती. एक दिवस बसलीय, तिला कसं उठवू?’

माझ्या मनात आलं की पोरी, उठव गं तिला, लग्न दारात उभं आहे. पण ते मला म्हणवलं नाही. आणि मी म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मग तिनंच वाट काढली. दोन पट्ट्या जोडून ठेवल्या, तोंडावर मास्क ओढला आणि पूजेतली एक पेटती उदबत्ती घेऊन त्या सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात नेला. सावकाश, जसा खरा टाका घालतात तसा. ठिणगी नाही, आवाज नाही, नुसता धूर. मागं कुणीतरी पोरगं फिसकन हसलं, आणि बिराप्पा सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पाठीत धपाटा घातला. मार्टिनाताईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. निघताना दुभाष्याला म्हणाल्या, हात चांगला आहे असं वाटतं. पण वाटण्याचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता. निवड दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांची झाली. दसऱ्यानंतर आम्ही तिच्या कामाचा व्हिडिओ पाठवला, त्यावर फार गोड उत्तर आलं की यादी बंद झाली आहे.

राजेश्वरी रडली वगैरे नाही. मीच रडले, आंतरराष्ट्रीय कक्षात, मोटारींच्या मागं. ती मला म्हणाली, मॅडम, तुमचं धोरण चांगलं होतं.

असो. पत्र लांबलं. गुडघा जपा, आणि मामींशी फार वाद घालू नका, त्यांचा रक्तदाब वाढतो.

तुमची भाची,
वृषाली

ता. क. आमच्या धोरणाचं वरून कौतुक झालं आहे. ताई लेथला कुंकू लावताहेत तो फोटो ‘सांस्कृतिक आदानप्रदान’ म्हणून छापला आणि बाकीच्या संस्थांना नमुना म्हणून आमचं धोरण पाठवलं. आबाराव सर खूश आहेत. पुढं जपान घ्यायचं म्हणतात, आणि जपानी लोकांना फेटा कितपत बसेल याची चौकशी मला करायला सांगितली आहे.

आणखी एक ता. क. मामा, तुमच्या चाकणच्या कंपनीत वेल्डर अप्रेंटिस घेतात ना? तुमच्या साहेबांना विचारा. शिवानीताईचं लग्न झाल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. राजेश्वरी तिथं राहिली तर मामींना सोबत होईल. जर्मनी राहू दे, लिंबाजीकाकांना लोकांना दाखवायला चाकणही चालेल. कंपनीचा एक कागद आला तरी ते थांबतील, मला खात्री आहे. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पुन्हा एकदा तिला खोटं कारण द्यायचं नाही मला.

शेवटचा ता. क. पार्सलमधला लोखंडी तुकडा तिचा आहे. खरं सांगायचं तर हे पत्र मी त्याच्याभोवती गुंडाळायला लिहिलं. नुसतं लोखंड पाठवलं असतं तर मामींनी भंगारात घातलं असतं. साहेबांना दाखवा. टाका चांगला आहे की नाही हे मला कळत नाही, पण तुम्हाला कळेल. लग्नाचा बस्ता बांधायला लिंबाजीकाकांकडचे लोक भाऊबीज झाली की बार्शीला जाणार आहेत, तेव्हा गुडघ्याकडं थोडं दुर्लक्ष करून लवकर जा. काल राजेश्वरीनं मला विचारलं, हातावरचे ठिणग्यांचे डाग मेंदीखाली झाकले जातात का. मी म्हणाले, मला माहीत नाही.