बाबांच्या खोलीतली ऊब

अल ऐन,
१९ मार्च २०२५

ती. सौ. शर्वाणीताईंस,
संध्याचा नमस्कार.

तुम्ही आणि भावोजी बरे असाल. इकडे रमजान चालू आहे, त्यामुळे शाळा लवकर सुटते. लायब्ररीला कुलूप लावून मी दोनच्या आत घरी असते. सत्यजितची अबुधाबीची साइट अजून संपलेली नाही, रोजचं जाणं-येणं सुरूच आहे. रेयांशचा पुढचा दात पडला. तुम्ही पाठवलेलं कुळथाचं पीठ संपलं, आता पुन्हा कोणी येईल तेव्हा पाठवा.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटलं असेल. फोनवर बोलायला घेतलं की मी भलतंच बोलते. व्हॉइस मेसेज केले आणि न पाठवताच पुसले. शेजारची कॅथरीन शनिवारी वसईला जातेय, ती तिथून कुरियर करेल. आमच्या व्हिलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ती आणि पर्सी राहतात. जानेवारीत बाबांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा गाडी पर्सीनेच चालवली होती.

बाबांबद्दलच लिहायचंय. येत्या एक तारखेला त्यांना कोल्हापूरच्या त्या केंद्रात ठेवायचं ठरलं, असं तुमचा मेसेज सांगतो. तिथे स्मरणशक्ती गेलेल्या माणसांची चांगली काळजी घेतात, देवरुखचं घर तूर्त बंद ठेवू, असंही तुम्ही लिहिलंत. ताई, तुम्ही हे मनावर दगड ठेवून ठरवलंय, ते मला कळतं. पण आधी हे पत्र पूर्ण वाचा.

इथली थंडी तुम्हाला खरी वाटत नाही. वाळवंटात कसली थंडी, असं तुम्ही फोनवर हसून म्हणाला होतात. दुबईत नसेल एवढी, पण अल ऐन आत आहे. सूर्य कलला की गारठा उतरतो आणि आमचं घर जुनं. बाबांना दिलेल्या खोलीच्या लोखंडी दाराखालून चार बोटं उजेड दिसायचा. सरकत्या खिडक्यांच्या कडांची ब्रशसारखी लव झिजून गेलेली. जुना एसी काढल्यावर भिंतीत राहिलेल्या चौकोनावर नुसती फळी मारलेली. उन्हाळ्यात तिथून वाळू यायची, जानेवारीत वारा. तुमच्या कोकणातल्या माणसाला हे कसं सोसावं? हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आले तेव्हा बाबा स्वेटरवर शाल घेऊन बसायचे आणि खोकायचे. डॉक्टर म्हणाले, "अंकलना गारठा लागू देऊ नका."

मग मी फटी बुजवायच्या मागे लागले. सत्यजितला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाच ते करायचं होतं. दाराच्या तळाला रबराची पट्टी, खिडक्यांच्या कडांना फोम, फटींत सिलिकॉन, फळीमागे थर्माकोल. वारा कुठून येतो ते शोधायला बाबांनी युक्ती सांगितली. उदबत्ती पेटवून भिंतीच्या कडेकडेने न्यायची, धूर जिथे वाकेल तिथे फट. ते उदबत्ती धरायचे, मी मागून पेन्सिलने खूण करायची. मी खूण करत असताना म्हणायचे, "जमीन मोजायचो तेव्हा साखळी धरणारा माणूस असाच पाहिजे असायचा. तू मोजणी खात्यात शोभली असतीस." खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांना कुठल्या गावातली कुठली हद्द कुठल्या दगडावरून जाते ते तोंडपाठ होतं. देवरुखात अजून लोक भांडण मिटवायला त्यांच्याकडे येतात. म्हणजे, यायचे.

तेवढे दिवस फार चांगले गेले, ताई. आईंच्या मागे बाबा पहिल्यांदा कामात रमले होते. एकदा मी नसताना ते स्वतः स्टुलावर चढून टेप लावत होते, तेव्हा सत्यजित त्यांच्यावर केवढा ओरडला होता. तुम्हाला हे फोनवर सांगितलंच होतं.

एका जागेवरून मात्र आमचं जमलं नाही. कपाटाच्या वर, छताला लागून, जुन्या एक्झॉस्टचं भोक होतं. तिथे धूर सरळ आडवा व्हायचा. बाबा म्हणाले, "ते राहू दे, संध्या. खोलीला एक नाक ठेवावं." मी म्हटलं, "बाबा, सगळी ऊब तिथूनच जातेय, मग बाकीचं केलेलं फुकट." ते म्हणाले, "थोडी जाऊ दे."

रविवारी जेवायला पर्सी, कॅथरीन आणि त्यांची शेनॉन होती. अंगणात शेगडीवर मासे भाजले. पर्सी बाबांची खोली बघून आला आणि म्हणाला, "भाभी, फर्स्ट क्लास काम! आमच्या हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्यांना ट्रेनिंग द्या." त्याच दुपारी तुमचाही फोन आला होता. तुम्ही म्हणालात, "संध्या, माझ्या बाबांना तू ऊब दिलीस." आठवतं?

संध्याकाळी हीटर लावला की मेन स्विच पडायला लागला. जुनं वायरिंग. सत्यजित म्हणाला, उद्या माणूस आणतो. बाबांनी अंगणातल्या शेगडीत पुन्हा कोळसे पेटवले, धगधगते निखारे एका घमेल्यात घेतले आणि खोलीत नेले. मी तेव्हा कॅथरीनबरोबर तिच्या घरी भांडी द्यायला गेले होते. जेवायला हाक मारायला गेले तर दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार ठोठावलं. पर्सीने आणि सत्यजितने खांद्याने धडका देऊन दार उघडलं. माझी रबराची पट्टी इतकी घट्ट बसली होती की कडी तुटल्यावरही दार लवकर सरकेना.

बाबा पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑक्सिजन, ते पाच दिवस, सुरुवातीचं त्यांचं ते भ्रमिष्टासारखं बोलणं, मला तुमच्या नावाने हाक मारणं. डॉक्टर म्हणाले होते की निखाऱ्यांच्या विषारी वायूने असं होतं, हळूहळू निवळेल. आणि निवळलंही.

ते वरचं भोक बुजवलेलं सापडलं, हेही तुम्हाला माहीत आहे. बाबांनी स्वतः बुजवलं आणि विसरले, असं तुम्हाला सत्यजितने सांगितलं.

ते मी बुजवलं होतं, ताई.

रविवारी सकाळी बाबा खजुराच्या बागेत फिरायला गेले होते तेव्हा. थर्माकोलचा तुकडा मापात कापला, बसवला, चारी कडांना पांढरी टेप लावली. खालून दिसतही नव्हतं. त्यांना सांगितलं नाही. वाटलं, रात्री खोली उबदार लागली की मग सांगू आणि दोघं हसू. पाहुणे आले आणि राहून गेलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पर्सी म्हणाला, "मी अंकलना बोललो होतो, कोळसा अंदर मत लो, रूम पॅक आहे. तर म्हणाले, वरचं भोक उघडं आहे, मी विचार करूनच नेतोय." तेव्हा मला कळलं. बाबांनी काही वेडेपणा केला नव्हता. त्यांनी हिशोबानेच केलं होतं. फक्त त्यांच्या हिशोबातलं भोक मी काढून घेतलं होतं.

सत्यजितने विचारलं तेव्हा मी गप्प राहिले.

आज इथेच थांबते. रेयांश उठलाय.

२० मार्च

ताई, काल वर लिहिलंय की मी गप्प राहिले. तेवढंच असतं तर बरं झालं असतं. ती ओळ खोडत नाही, तुम्हाला कळू दे की कबुली देतानाही मी कशी वागते.

तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले होते. सत्यजित घरी जाऊन ते भोक बघून आला होता. त्याने पलंगाशी वाकून विचारलं, "बाबा, कपाटावरचं भोक तुम्हीच बुजवलंत ना?"

बाबा म्हणाले, "नाही रे. ते उघडं ठेवायला मीच सांगितलं होतं."

"मग कोणी बुजवलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, संशयानेही नाही. नुसतं विचारलं, "संध्या, तू बुजवलंस का गं?"

मी म्हणाले, "नाही बाबा."

त्यांनी नजर छताकडे नेली. मग म्हणाले, "मग मीच असेन. आठवत नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःची आठवण खोटी ठरवली. इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

का म्हणाले मी तसं? हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं होतं, पण ते पहिल्याच दिवशी चौकशी करून अपघाताची नोंद करून गेले होते. ती भीती नव्हती. भीती सत्यजितच्या चेहऱ्याची होती, तुमच्या त्या "ऊब दिलीस"ची होती. वाटलं, बाबा वाचले आहेत, आता कोणी केलं याने काय फरक पडतो? खलास, विषय संपला.

विषय तिथून सुरू झाला. बाबा परत जाऊन तुमच्याकडे राहिले आणि तुम्ही गॅसचं बटण काढून ठेवलंत. बरोबरच केलंत, तुम्हाला जे सांगितलं त्यावरून कोणीही तेच केलं असतं. मग तुम्ही म्हणालात की बाबा एकटे बाहेर जायला घाबरतात. नळ बंद केला का, कडी लावली का, पुन्हा पुन्हा विचारतात. देवरुखचा कोणी हद्दीच्या वादासाठी रत्नागिरीला तुमच्याकडे आला, तर बाबांनी त्याला सांगितलं, "माझ्या सांगण्यावर जाऊ नका, माझं आता खरं नाही." हे तुम्ही फोनवर सांगत होतात आणि मी इकडे चपात्या लाटत होते. लाटत राहिले.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर रेयांशने त्यांना विचारलं, "आजोबा, डू यू रिमेंबर मी?" मी त्याला हे शिकवलं नव्हतं. घरात ऐकून ऐकून तो शिकला. बाबा हसले आणि म्हणाले, "तू रेयांश ना?" आणि मग, ताई, त्यांनी तुमच्याकडे वळून बघितलं. बरोबर आहे ना, म्हणून. नातवाचं नाव खरं आहे का, हे त्यांना दुसऱ्याकडून ताडून घ्यावं लागलं.

त्यांची स्मरणशक्ती गेलेली नाही. थोडाफार वयाचा विसराळूपणा असेल, ते डॉक्टरांना ठरवू दे. पण ज्या एका गोष्टीवरून आपण सगळ्यांनी ती गेली असं ठरवलं, त्या गोष्टीत त्यांचं एकट्याचंच बरोबर होतं.

आज सत्यजितला सांगितलं. तो साइटवरून आला, बूट काढत होता. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "मी बाबांना विचारलंही कसं बघ. 'तुम्हीच बुजवलंत ना?' उत्तर आधी ठरवून विचारलं."

मी म्हटलं, "तुझा काय दोष?"

"माझा मी बघेन," तो म्हणाला. "ताईला फोन करून कोल्हापूरचं थांबवायला सांगतो. कारण विचारलं तर म्हणेन, संध्याचं पत्र येतंय. ते तूच सांगायचं. तुझ्या वतीने मी एक शब्द बोलणार नाही." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. जेवला, ताट स्वतः धुतलं आणि बाबांच्या खोलीत जाऊन झोपला.

मी ठरवलं होतं की ईदच्या सुट्टीत येईन आणि बाबांच्या पायाशी बसून स्वतःच्या तोंडाने सांगेन. तोवर तुम्ही त्यांना काही सांगू नये, असं तुम्हाला विनवणार होते. पण काल रात्रीपासून विचार करतेय, हे कोणासाठी? मी रडेन, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील, आणि मला हलकं वाटेल. तोवर रोज ते कडी लावली का म्हणून उठून बघत राहतील. माझ्या माफीसाठी त्यांनी आणखी एक दिवसही का थांबावं?

म्हणून हे पत्र त्यांच्या हातात द्या. चष्मा लावून स्वतः वाचू दे. कोणी समजावून सांगू नका. आणि देवरुखचा तो माणूस पुन्हा आला, तर त्याला बाबांसमोर बसवा.

मी ईदच्या सुट्टीत येतेच आहे. रत्नागिरीला स्टेशनवर कोणी येऊ नका. तुम्ही घरात घ्याल की नाही, ते तुमच्यावर सोडलंय. तुम्ही मला काहीही बोललात तरी ते कमीच असेल.

आणि मला दारात बघून बाबांनी मान फिरवली, तर घाईने "बाबा, ही संध्या, ओळखलं नाही का?" असं म्हणू नका. त्यांनी ओळखलेलं असेल.

संध्या