बोट लावल्याशिवाय न वाजणारी घंटा

आदरणीय दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? आणि तुमचा रक्तदाब? मागच्या खेपेला मी येऊन गेल्यावर तो वाढला, असं ताई म्हणाली (योगायोग असावा). आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे कालपर्यंत नव्हतो. त्याचीच हकीकत कळवतो.

हिची थोरली बहीण शाळेत मुख्याध्यापिका आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या शाळेसाठी मी आपोआप वाजणाऱ्या घंटेची पेटी बनवली. आत मायक्रोकंट्रोलर नावाची चिप, आणि त्याला ठेका धरून देणारा एक क्रिस्टल, म्हणजे पत्र्याच्या इवल्याशा डबीत बसवलेली थरथरती गारगोटीची चकती. ती थरथरली तर चिपचं डोकं चालतं, नाहीतर ठोंब्या. माझ्या टेबलावर सगळं झकास चाललं. पेटीचं झाकण लावून वीज दिली की ठार बंद. झाकण काढून क्रिस्टलवर बोट टेकवलं की लगेच चालू. एकदा चालू झाली की बोट काढलं तरी चालत राही, पण वीज बंद करून पुन्हा लावली की आमचं बोट हजर हवंच. शेवटी मी पेटीच्या मागच्या बाजूला बोटाएवढं भोक पाडलं आणि त्याला हवेची सोय म्हणायचं ठरवलं.

उद्घाटनाला मेहुणीने शिक्षणाधिकारी साहेबांना बोलावलं. ही पेटी मंजूर व्हावी म्हणून ती कमिटीशी वर्षभर भांडली होती, त्यामुळे तिचं नाक पणाला लागलेलं. मी पडद्यामागे, पेटीत बोट घालून. साहेबांनी विजेचं बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली. बोट निसटलं. घंटा गप्प. साहेबांनी प्रसंग सांभाळला आणि सरळ शिस्तीवर भाषण सुरू केलं. इकडे मी घाईघाईने भोक चाचपतोय. भाषणाच्या चौथ्या मिनिटाला बोट जागेवर बसलं आणि पेटीने शाळा सुटल्याची लांबलचक घंटा दिली. सहाशे मुलं उठली आणि अत्यंत शिस्तीत घरी गेली. साहेबांनी उरलेलं भाषण शिपायाला उद्देशून पूर्ण केलं. मेहुणी माझ्याकडे बघून हसली. मला तसलं हसू पुन्हा बघायचं नाही.

घरी येऊन मी क्रिस्टलला शिव्या घालत बसलो. हिने शिवणयंत्र थांबवलं, क्रिस्टलसोबत आलेला कागद उचलला (तो मी चहाच्या कपाखाली ठेवला होता) आणि वाचून विचारलं, “यात दोन बाजूंना पंधराचे कपॅसिटर लावा असं लिहिलंय. तुम्ही काय लावलेत?”

“तेहेतीसचे,” मी म्हणालो.

“का?”

“खणात ते होते.”

दाजी, तिने कागद परत कपाखाली ठेवला. पुन्हा शिवायला लागली. कपॅसिटर म्हणजे क्रिस्टलवरचं विजेचं ओझं, आणि त्या बिचाऱ्यावर मी ते दुप्पट लादलं होतं, त्याला सुरुवातच करवत नव्हती. माझ्या बोटाने फक्त धक्का मिळत होता. पंधराचे लावले, चिपच्या अगदी जवळ. मग पेटी चाळीस वेळा बंद-चालू केली, फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, केस वाळवायच्या यंत्राने तापवून पाहिली. चाळीसच्या चाळीस वेळा सुरू. आज सकाळी शाळेत बसवून आलो, आणि मेहुणीने मला चहा दिला. साखर नव्हती, पण दिला.

ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. पेटी कोणी बनवली असं साहेबांनी फार कडक आवाजात विचारलं, तेव्हा घाबरून मी तुमचं नाव आणि पत्ता सांगितला. ते गुरुवारी तुमच्याकडे येत आहेत. कृपा करून नाही म्हणू नका.

आणखी ता. क. आत्ताच कळलं की ते रागावलेले नव्हते, आवाजच तसा आहे. मुलांची ती शिस्त पाहून त्यांना अशा चौदा पेट्या हव्यात. तुमच्या वतीने मी होकार दिला आहे.